भरलेल्या टाक्या

पाऊस यायच्या आधी भरलेली टाकी रिकामी करायची, एवढी एकच गोष्ट मी सप्तपर्णी कॉलनीला सतत शिकवत आले. सभेत शिकवली, जिन्यात शिकवली, भाजी घेताना शिकवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलाय. मान डोलावणारी पोरंच पेपरात गोते खातात हे मला पाठ आहे. पण माझ्याच घरातला विद्यार्थी गोता खाईल, असं काही वाटलं नव्हतं.

आमची कॉलनी नाशिकच्या एका उतारावर आहे. उताराच्या पायथ्याशी चिंचओहोळ आणि त्याच्या काठाला ओहोळवाडी. माझी लेक अन्विता तिथे दिली आहे. सासरी ती, तिचा नवरा ओजस आणि तिची सासू छायाताई, म्हणजे माझ्या विहीणबाई. पापड, कुरडया, बिबडे यांचा छायाताईंचा मोठा कारभार. लेकीच्या लग्नाच्या वर्षीच ओहोळाला पूर आला, घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि उन्हाळाभर केलेलं वाळवण लगदा होऊन गेलं. मी भेटायला गेले तर छायाताई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडचं पाणी येऊन गेलं हो, विहीणबाई. सगळं जेवूनच गेलं."

भिंतीवर पाण्याची रेघ राहिली होती, ती त्यांनी पुसली नाही. घराला रंग दिला तेव्हाही तेवढी पट्टी सोडली. मी गेले की माझी खुर्ची बरोब्बर त्या रेघेखाली मांडायच्या आणि वर लाडू आणून द्यायच्या. 

त्यांचं चुकत नव्हतं. पाणी आमचंच होतं. पूर म्हणजे पाणी फार असणं, असं लोकांना वाटतं. पूर म्हणजे सगळं पाणी एकाच वेळी पोचणं. शाळा सुटल्यावर फाटकात चेंगराचेंगरी होते ती पोरं जास्त म्हणून नव्हे, सगळी एकदम पळतात म्हणून. पूर्वी या उतारावर माती होती, झुडपं होती. पाणी थोडं मुरायचं, थोडं रेंगाळायचं, उरलेलं सावकाश खाली जायचं. मग आम्ही आलो आणि आमच्या गच्च्या, काँक्रीटचे रस्ते, गुळगुळीत फरश्या आल्या. थेंब पडला की पळत सुटायला लागला. वरचं पाणी खालच्या पाण्याला ओहोळवाडीच्या वळणावर गाठायला लागलं, आणि तिथे मावेना म्हणून घरात शिरायला लागलं.

त्या पुरानंतर शहराने आमचा उतारच नव्याने बांधायला घेतला. रस्त्याच्या कडेची फरशी गेली आणि चाळणीसारखी भोकाभोकाची फरशी आली. गटारांच्या जागी उथळ चर आले, चरात कर्दळ आणि वाळा लावला. प्रत्येक इमारतीखाली पावसाच्या पाण्याची टाकी आली. सगळ्यात खालचं मैदान पुरुषभर खोदून खोलगट केलं, म्हणजे फार पाऊस झाला तर पाण्याने तिथे बसावं. लोक त्याला परात म्हणतात. थोडक्यात, नवरात्रात घटाखालची माती जे करते तेच आम्ही अख्ख्या उताराला करायला लावलं. ताटात तांब्याभर पाणी ओता, ते बाहेर सांडतं. घटाच्या मातीवर ओता, ती पिऊन टाकते आणि वर धान उगवतं.

या सगळ्याचा हिशोब ठेवणारं यंत्र म्हणजे पाटकरी. मोसम-गिरणेच्या काठाला पूर्वापार फडाची शेती होती. बंधाऱ्याचं पाणी कुणी कधी घ्यायचं ते गावचा पाटकरी ठरवायचा आणि त्याचा शब्द कुणी मोडत नसे. यंत्र बनवणाऱ्या मुलांनी तेच नाव उचललं, फक्त काम उलटं केलं. हा पाटकरी पाणी घ्यायची नाही, पाणी धरायची पाळी लावतो. डोंगरावरचं रडार ढग मोजतं, जमिनीतल्या सुया माती किती ओली आहे ते सांगतात, आणि पाटकरी आदल्या दिवशीच हुकूम सोडतो. टाक्या रिकाम्या करा. मग पाऊस सुरू झाला की खालच्यांचं पाणी आधी ओहोळातून निघून जाऊ देतो आणि वरच्यांना म्हणतो, तुम्ही धरा, तुमचा नंबर नंतर. सगळं यंत्र एकाच गोष्टीवर उभं आहे: टाकीत जागा असली पाहिजे. भरलेली टाकी पुराच्या दिवशी काँक्रीटच्या ठोकळ्याइतकीच उपयोगाची.

हे चालू झाल्यापासून ओहोळवाडीत पाणी शिरलं नव्हतं. तरी अन्विताने मला बजावून ठेवलं होतं. ओजसला हैदराबादहून नोकरीचं बोलावणं होतं. "आई, पुन्हा एकदा घरात पाणी आलं तर आम्ही जाणार. आणि सासूबाई घर सोडणार नाहीत, त्या एकट्या राहतील. माझ्याच्याने ते बघवायचं नाही, पण मी जाईन." आमची अन्विता उगाच बोलत नाही. म्हणून कॉलनीच्या जलसमितीची अध्यक्ष मी झाले, आणि चरांचं पाणी परातीत घेणारं जे दार आहे, त्याची चावी मी माझ्या कमरेला लावली.

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगते. दिगंबरराव मूळ मनमाडचे. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं तो काळ त्यांनी पाहिलेला. लग्नानंतर मी एकदा भांडं विसळून पाणी मोरीत ओतलं, तर हे जेवता जेवता उठून आले होते. आमच्या कॉलनीत निम्मी घरं मनमाड, नांदगाव, येवला, सिन्नरकडची. पाण्याचा आवाज आला की या मंडळींचे कान टवकारतात. इमारतीखाली गोड्या पाण्याची भरलेली टाकी आली तेव्हा ह्यांनी झाकण उघडून आत इतका वेळ पाहिलं की मला वाटलं काही पडलं की काय. आणि पाटकरी त्यांना वर्षातून चार-सहा वेळा सांगायचा, ओतून द्या.

त्या नवरात्रात कॉलनीचा सार्वजनिक घट परातीत बसला होता. मोठा मांडव, उंच लोखंडी कमानी, मधोमध चौरंगावर घट आणि अखंड दिवा. नऊ दिवस परातीचं दार बंद ठेवायचं असं सभेत ठरलं आणि मी हो म्हटलं, कारण टाक्यांमध्ये जागा असली की एरवीच्या पावसाला परातीची गरज पडत नाही. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि या बाबतीत आमच्या कॉलनीशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

सहाव्या माळेच्या संध्याकाळी पाटकऱ्याचा हुकूम आला. उद्या दुपारी परतीचा पाऊस, फार मोठा, टाक्या रिकाम्या करा. सातव्या माळेला सकाळी मी फोनवर पाहिलं तर कॉलनीच्या टाक्या एकूण एक रिकाम्या दिसत होत्या. मला धन्य वाटलं. देवीला माळ घालून घरी येत होते आणि आमच्या इमारतीपाशी पाय थबकला.

टाकी रिकामी होते तेव्हा तिचं पाणी बारीक नळाने चरात येतं आणि कर्दळीतून झिरपत झिरपत जातं. त्याला अर्धा दिवस लागतो. कर्दळीखाली चिखल होतो, बेडूक येतात, चिमण्या येतात. त्या सकाळी तिथली माती कोरडी ठाक होती. पलीकडच्या इमारतीची कर्दळ पाहिली. तीही कोरडी. फोन म्हणत होता टाकी रिकामी, कर्दळ म्हणत होती थेंब आला नाही. मी कर्दळीवर विश्वास ठेवला.

दिगंबररावांना हाक मारून झाकण उघडायला लावलं. ते फार सावकाश आले. झाकण सरकलं आणि खाली टाकी काठोकाठ भरलेली होती, स्वच्छ, थंड, डोळ्यांत भरेल अशी.

"अहो, हे काय आहे?"

"पाणी आहे," हे म्हणाले.

मी आत डोकावले तेव्हा ह्यांची कारागिरी दिसली. झाकणाच्या खाली पाणी मोजणारा डोळा असतो. तो खाली आवाज सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, आणि त्याला किती वेळ लागला यावरून टाकी किती भरली ते कळतं. ह्यांनी प्लास्टिकचा एक लांब पाइप बुडाशी बंद करून घेतला होता आणि तो डोळ्याला खालून अडकवला होता. पाइप थेट टाकीच्या तळापर्यंत, आतून कोरडा. बिचारा डोळा कोरड्या पाइपात बघून पाटकऱ्याला कळवत होता की टाकीत काही नाही. आणि बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा, गावाकडे पाटाला फोडलेलं तोंड बुजवतात तसा. यंत्राने झडप उघडली होती, पण बोळ्याने पाणी धरून ठेवलं होतं.

मी विचारलं, हे फक्त आपल्याकडे की आणखी कुठे? त्यांनी पलीकडच्या इमारतीकडे बोट केलं. मग कळलं की लोणच्याची कृती पसरते तसा हा पाइप सगळ्या कॉलनीत पसरला होता. एरवी माझ्यासमोर हूं की चूं न करणाऱ्या लोकांनी माझ्या नाकाखाली सगळ्या टाक्या भरून ठेवल्या होत्या आणि मला येता-जाता नमस्कार करत होते.

मला संताप आला. मी बोलले ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं. लेक तुमची तिथे खाली राहते हे तरी आठवलं का, असंही विचारलं. त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"पावसाला काय, तो येईल नाही तर हुकेल. मी लहानपणी आईबरोबर टँकरला रांगेत उभा राहिलोय, ज्योत्स्ना. दोन घागरींसाठी तिला लोकांनी ढकललेलं बघितलंय. भरलेलं पाणी माझ्या हातून ओतवत नाही."

राग गेला नाही, पण त्याला आता धार राहिली नाही.

मी पाटकरी चालवणाऱ्या शहराच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. तिथल्या मुलीने पाटकऱ्याला आमच्या टाक्या भरलेल्या म्हणून पुन्हा गणित करायला लावलं. नव्या गणितात ओहोळवाडीच्या वळणावर, घरांच्या उंबऱ्यापेक्षा पाणी गुडघाभर वर दिसायला लागलं. मी म्हटलं, आम्ही आत्ता बोळे काढतो. ती म्हणाली, काढू नका. तिचं बरोबर होतं. ढग दुपारीच येणार होता आणि टाक्या मोकळ्या व्हायला अर्धा दिवस. म्हणजे आमचं हे गोडं पाणी नेमकं पावसाच्या पाण्याबरोबरच ओहोळात पोचलं असतं. वाचवायच्या नावाखाली आम्हीच पूर वाढवला असता. बोळे होते तिथेच राहू द्यायचे, आणि पाण्याला दुसरीकडे कुठे तरी बसायला जागा द्यायची.

जागा एकच होती, परात. आणि परातीत देवी होती.

मी आधी छायाताईंना फोन केला. ओजस पुण्याला होता, घरी त्या आणि अन्विता. काही झाकून ठेवायचं नाही असं ठरवूनच बोलले.

"छायाताई, आमच्या टाक्या भरलेल्या आहेत. तुमच्या व्याह्यांनी यंत्राला फसवून भरून ठेवल्यात. दुपारी मोठा पाऊस आहे."

 त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी तुमच्या कॉलनीने निरोपसुद्धा दिला नव्हता. या वेळी निरोप आला, एवढी सुधारणा झाली म्हणायची."

"घरात पाणी येऊ देणार नाही. परात भरून घेते."

"आणि घट?"

"तेच बघायला चाललेय. तुम्ही दोघी शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर जाऊन बसा."

"अन्विताला पाठवते. मी माझ्या घरात आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. अशा आहेत त्या.

मांडवात सगळ्यांना बोलावलं. मी काय सांगणार हे कळल्यासारखे लोक माना खाली घालून आले. मी पाइपाबद्दल एक अक्षर बोलले नाही; त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. फक्त सांगितलं की दार उघडून परातीत पाणी घ्यायचं आहे आणि मांडव रिकामा करायचा आहे. कुजबुज सुरू झाली. घट हलवणार? मध्येच? कुणी म्हणालं, वर्षभर कॉलनीवर संकट येईल. कुणी म्हणालं, पाऊस येईलच कशावरून. एवढ्यात पश्चिमेकडून गार वारा आला आणि मांडवाचं कापड फुगलं, तेव्हा एवढी शंका तरी मिटली.

मी म्हटलं, घट हलवायचा नाही ना? नका हलवू. जागेवरून इकडे-तिकडे तसूभर सरकवायचा नाही, एवढाच नेम आहे. सरळ वर उचलायला कुणी बंदी केली आहे? कमानीला दिवे चढवायची कप्पी आहे. चौरंगाच्या चारी पायांना दोर बांधा आणि घट, दिवा, माती, धान, सगळं आहे तसं वर घ्या. जागा तीच, फक्त उंची वाढली. देवी तर डोंगरावरच राहते.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ही मखलाशी आहे हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. पण दिगंबरराव आधीच चौरंगाशी जाऊन बसले होते आणि पहिला दोर बांधत होते. मग बाकीचेही पुढे झाले. बायांनी दिव्याभोवती काचा लावल्या. कप्पीचा दोर ओढायला लागले तेव्हा सगळ्यांचे डोळे दिव्यावर होते, कारण तेल सांडलं तर दिवा जाणार. चौरंग वर गेला. दिवा हलला, पण विझला नाही. दोर कमानीच्या खांबाला आवळला आणि मी चावी घेऊन दाराकडे गेले.

दाराचं चाक फिरवताना हात भरून आले. ज्यांनी टाक्या भरून ठेवल्या होत्या त्यांतलेच दोघे न सांगता मदतीला आले. दार उघडलं आणि त्यानंतर थोड्याच वेळात पाऊस आला.

असा पाऊस मी पाहिला नव्हता. समोरची इमारत दिसेना. चाळणीच्या फरश्यांनी जेवढं पिता येईल तेवढं प्यायलं, चर भरले, आणि मग सगळं पाणी वळून परातीत शिरलं. मांडवात राहिलेल्या खुर्च्या तरंगल्या. आम्ही आमच्या इमारतीच्या जिन्यातून बघत होतो. वर हवेत, पाण्याच्या बरोब्बर मधोमध, तो दिवा दिसत होता. बायकांनी आरती सुरू केली, कुणाला ऐकू जात नव्हती तरी.

नियंत्रण कक्षातल्या मुलीचा फोन आला. ओहोळवाडीच्या उंबऱ्याला पाणी लागलंय, अजून आत नाही. पण पाऊस थांबायच्या आधी परात भरणार. भरली की जास्तीचं पाणी परातीच्या खालच्या काठाला ठेवलेल्या मोरीवरून ओहोळात पडेल, आणि मग घरांत जाईल. मोरीला फळ्या टाकायच्या खाचा आहेत. आणखी एक फळी टाकली तर पाणी ओहोळाकडे जाणार नाही, पण परातीचा काठ ओलांडून मागे तुमच्याकडे चढेल.  निर्णय माझा होता.

परातीला लागून आमचीच इमारत. तिच्या तळमजल्यावर पार्किंग आणि एकच घर. आमचं. गाड्या लोकांनी आधीच वर नेल्या होत्या. घरात माझी पुस्तकं होती, आणि ह्यांनी हौसेने करून घेतलेलं सागवानी कपाट. मी दिगंबररावांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी फळी खांद्यावर घेतली आणि भर पावसात मोरीपर्यंत गेले. मी छत्री घेऊन मागे, छत्रीचा काही उपयोग नव्हता. खाचेवर फळी धरून त्यांनी मागे वळून विचारलं, "ठेवायची?"

"ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी ठेवली आणि पायाने दाबून बसवली.

आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. खाली पाणी आमच्या दारातून आत गेलं ते मी पाहिलं. ते धडाका लावून येत नाही. दाराखालून पातळसं येतं, घरभर फिरतं, मग हळूहळू वर चढायला लागतं. मला रडू आलं आणि मी रडले. छायाताईंची भिंतीवरची रेघ मला त्या दिवशी समजली.

पाऊस उतरला तेव्हा संध्याकाळचं ऊन पडलं होतं. अन्विताचा फोन आला. पाणी उंबऱ्यावर आलं, सासूबाई दारात खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसल्या होत्या, आणि ते उंबऱ्यावरूनच परत गेलं. आत थेंब नाही. मी बरं म्हटलं. आमच्या घराचं तिला सांगितलं नाही, पण तिच्या बापाने सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छायाताई आल्या. पदर खोचलेला, हातात खराटा, मागे अन्विता बादल्या घेऊन. आमच्या दारात उभ्या राहून त्यांनी चिखलाने भरलेलं घर पाहिलं, फुगलेलं कपाट पाहिलं, आणि माझ्या पुस्तकांचा लगदा पाहिला. मी वाट बघत होते, आता काय बोलतात याची.

"चिखल ओला आहे तोवरच काढायचा," त्या म्हणाल्या. "वाळला की फरशी सोडत नाही. आधी भिंती धुवायच्या, मग खाली. तुम्ही उलटं सुरू केलंय."

दिवसभर त्या आमच्या घरात राबल्या. मला कामं सांगत होत्या, चुका काढत होत्या, आणि मी ऐकत होते. भिंत घासता घासता पाण्याच्या रेघेपाशी त्यांचा हात थांबला. रेघेच्या खाली आणि वर घासून त्यांनी मधली पट्टी तशीच ठेवली.   संध्याकाळी चहा घेताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आलात की माझ्याकडे खुर्ची कुठेही घ्या."

दसऱ्याला घट उठला. तो कमानीवरून खाली उतरवला तेव्हा धान वीतभर वाढलं होतं. सगळ्यांनी कानावर खोवलं.

पण मला स्वस्थता नव्हती. पाइप सगळ्यांनी आपापले काढून टाकले होते, कुणाला सांगावं लागलं नाही. तरी मला कळत होतं की हे शरमेने काढलेत, आणि शरम फार टिकत नाही. पुढचा ढग आला आणि पाटकरी म्हणाला ओतून द्या, तर कुणी तरी पुन्हा पाइप शोधायला लागणार. तहान काही समजावून जात नाही. आमच्या ह्यांच्या हातून पाणी ओतवत नाही म्हणजे नाही.

मग एका दुपारी छायाताईंकडे बसले होते, रेघेपासून लांब. परसात त्यांची जुनी विहीर आहे, कितीतरी वर्षं कोरडी. अन्विता म्हणाली की उन्हाळ्यात वाळवणाला पाणी पुरत नाही, विकत आणावं लागतं. मी विहिरीत वाकून पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही पाणी चरात सोडायचो, आणि चर शेवटी ओहोळाला मिळायचा. म्हणून ते ओतून देणं होतं. ते पोचतं कुठे, हे कुणाला दिसतच नव्हतं.

मी माझी कल्पना सांगितली तेव्हा नियंत्रण कक्षातली मुलं हसली नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कर्दळीतून गाळून आलेलं पाणी वाळूच्या खड्ड्यातून नेऊन ओहोळवाडीच्या विहिरींना जोडायचं ठरलं. आमच्या इमारतीची टाकी छायाताईंच्या विहिरीला. प्रत्येक टाकीला खाली एक घर ठरवून दिलं. खणायला कॉलनीतली सगळी माणसं गेली, टिकाव-फावडी घेऊन, रविवारी. पाटकऱ्याच्या हुकुमाचे शब्दही मी बदलून घेतले. आता तो टाकी रिकामी करा असं म्हणत नाही. तो म्हणतो, पाणी खाली पाठवा.

दिवाळीनंतर समुद्रात वादळ उठलं आणि हुकूम आला. मी दिगंबररावांकडे बघितलंसुद्धा नाही. ते आपणहून उठले, खुर्ची घेऊन बाहेर गेले आणि कर्दळीपाशी बसले. झडप उघडली. नळातून पाणी यायला लागलं, कर्दळीतून झिरपत पुढे जायला लागलं. त्यांनी हात धारेखाली धरला आणि तसाच ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी शेजारी जाऊन बसले. टाकीचं पाणी उतरत होतं, आणि पाटकऱ्याला ते खरंखुरं दिसत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांचा फोन वाजला. छायाताई एरवी ह्यांच्याशी फोनवर बोलत नाहीत. निरोप सगळे माझ्यामार्फत असतात. ह्यांनी ओल्या हातानेच फोन उचलला. मला पलीकडून विहिरीत पाणी पडल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि मागे अन्विता कुणाला तरी हाका मारून बोलावत होती.

"व्याहीबुवा," छायाताई म्हणाल्या, "पाणी पोचलं बरं का."